मावशींच्या खाचरातली बारा पावलं

अन्याय झाला तो आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या मावशींवर. गेल्या चैत्रातल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी अकरा ते साडेबाराच्या दरम्यान. त्यांच्या भाताच्या खाचरातली बारा पावलं रुंदीची पट्टी, रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत, माझ्या आजोबांनी मोजणीत स्वतःच्या हद्दीत घेतली. सात जणांनी सह्या केल्या. त्यातली एक माझ्या वडिलांची. आणि पट्टी मावशींची आहे हे सिद्ध करणारा एकुलता एक पुरावा, त्याआधी नऊ दिवस, मी स्वतः नेऊन आजोबांपुढे ठेवला होता.

हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणाला वाटायला नको की शेवटी काहीतरी चांगलं होईल.

गाव टाकवे बुद्रुकच्या वर, डोंगराकडे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर बाकीची गावं सुटल्यासारखी खूश होतील.

आमच्याकडे जमीन चोरायची एक जुनी आणि फार सभ्य पद्धत आहे. तिला बांध कोरणं म्हणतात. दोन खाचरांच्या मध्ये मातीचा बांध असतो. नांगरताना फाळ दरवर्षी बांधात वीतभर घालायचा. आपल्या बाजूनं कोरायचं आणि चिखलणीच्या वेळी शेजाऱ्याच्या बाजूला माती थापायची. बांध होता तेवढाच जाड दिसतो, फक्त दरवर्षी थोडा पुढे सरकतो. शेजारी भांडला तर गाव त्यालाच हसतं, वीतभर मातीसाठी मरतोय म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा एक वीत.

मी दुसरी-तिसरीत असताना नांगर वडील धरायचे आणि आजोबा, म्हणजे आबा, बांधावर उभे राहायचे.

"दाब. आजून दाब."

"मावशी बघतीया, आबा."

"बघू दे की. बघायला तिकीट हाय व्हय?"

मावशी खरंच बघत असायच्या. पलीकडे आपल्या खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या राहून. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी लग्न होऊन मुंबईला. त्या काही बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर कुणाशी? पोलीस पाटील आबांचा भाचा, सोसायटीचा चेअरमन आबांनी निवडून आणलेला.

घरातही आबाच. कुणी कधी जेवायचं, कुणी माहेरी किती दिवस जायचं, कुणाचं लग्न कुठे, टीव्ही कधी बंद, सगळं आबा ठरवायचे. आजीला तिच्या भावाच्या तेराव्याला जाऊ दिलं नाही, कारण त्या दिवशी भात झोडायचा होता. एका वर्षी वडिलांनी बांध कोरला नाही. नुसता सरळ नांगर चालवून घरी आले. आबा काठी घेऊन गेले, मोजून आले आणि वडिलांना अंगणात कान धरून उभं केलं. रविवार होता. वडील अडतीस वर्षांचे होते, कारखान्यात त्यांच्या हाताखाली माणसं होती. दुपारचं ऊन डोक्यावर. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून बघत होते, एक-दोघं हसले. आईनं पाण्याचा तांब्या भरला, आबांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं तो परत माठात ओतला. मी सातवीत होते. ओट्यावर बसून सगळं पाहिलं आणि मला वडिलांचीच लाज वाटली. आबांची नाही. दहशतीनं चालणाऱ्या घरात पोरं असंच शिकतात, मार खाणाऱ्याला हसायला.

संध्याकाळी आबा म्हणाले, "जा आता. जेव." वडील जेवले. पुढच्या वर्षी त्यांनी दोन वर्षांचं एकदम कोरलं.

लोणावळ्याला कॉलेजात गेले तेव्हा मी एका संघटनेत शिरले. पत्रकं चिकटवायला सुरुवात केली, मग लिहायला. आमच्याकडे पत्रकाचा नियम कडक होता: मोघम लिहायचं नाही. कुणी, कधी, कुठे, किती. 'गरिबांवर अन्याय होतो' असं लिहिणाऱ्याचा कागद फाडून टाकायचे. मला ते फार आवडलं. शिक्षण संपल्यावर कुसगावात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी धरली, तिथेच खोली घेतली आणि रविवारी अभ्यासवर्ग घ्यायला लागले. कधी वलवणला कुणाच्या तरी गच्चीवर, कधी गावोगावी.

गेल्या फाल्गुनात विषय होता, गेल्या शतकातल्या हुकूमशहांनी शेजारचे देश कसे गिळले. तो वर्ग मी आमच्याच गावच्या बुद्धविहारात घेतला. वस्तीतली वीसेक माणसं आली, वरच्या आळीतून कुणीच नाही. मी नकाशा टांगला आणि १९३८ सांगितलं. जर्मनीनं चेकोस्लोव्हाकियाचा डोंगराकडचा पट्टा मागितला. आमची माणसं तिथं राहतात म्हणे, आणि हे आमचं शेवटचं मागणं म्हणे. म्यूनिचला चार देशांचे पुढारी बसले आणि त्यांनी तो देऊन टाकला. ज्यांचा देश होता त्यांची माणसं त्याच शहरात एका हॉटेलात थांबवून ठेवली होती. ठरल्यावर त्यांच्या हातात नकाशा दिला. सहा महिन्यांच्या आत उरलेला देशही संपला.

मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "त्यो जर्मनीवाला. त्यानं येकदम मागिटलं, का आधी कोरीत आनलं?"

"आधी कोरलंच, मावशी. एका पट्ट्यात फौज न्यायची नाही असं ठरलं होतं, तिथे नेली. कुणी बोललं नाही. मग शेजारचा एक देश घेतला, तरी कुणी बोललं नाही. मग हा पट्टा."

"आन् बाकीचे काय म्हनले?"

"एवढ्याशासाठी लढाई नको म्हणाले."

"व्हय, व्हय. आमच्या हितंबी असंच म्हनत्यात." मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. "तुजा आबा लय शिकलेला दिसतोय गं. शाळंत न जाता."

सगळं विहार हसलं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला खाचराकडे घेऊन गेल्या. बांध कुठल्या कुठे आला होता. त्यांनी मोजणीचा अर्ज केला होता, आम्हाला नोटीसही आली होती, मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी डोंगराच्या अंगाला प्लॉट पाडायला घेतलेत आणि त्या प्लॉटना गाडीरस्ता मावशींच्या पट्टीतूनच निघतो, हेही तेव्हाच कळलं. पट्टी गेली की मावशींचं उरलेलं खाचर आतल्या आत कोंडणार होतं. रस्ता नाही, ओढ्याचं पाणी नाही. मग विकायचं ते आबांनाच.

"दगड कुठाय?" मी विचारलं. हद्दीचा जुना दगड असतो, मोजणी त्याच्यावरून धरतात.

"दगड तुज्या आबानं कवाच बैलामागं वढून न्हेला. पर खालचं कुटं न्हेतोय."

आमच्या भागात जुनी माणसं हद्दीचा दगड रोवताना खाली खड्ड्यात कोळसा पुरायची. दगड हलवता येतो. कोळसा मातीत शंभर वर्षं कुजत नाही, आणि तो तिथे आहे हे फक्त पुरणाऱ्याच्या घराला माहीत असतं. हे घर मावशींच्या सासरचं. त्यांच्या सासऱ्यांच्या घराण्याला पूर्वी गावानं गावाबाहेर ठेवलं होतं, पण गावची शीव त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. दोन गावांत भांडण लागलं की त्यांच्यातला एक जण डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा. तो जिथून चालला ती शीव. दोन्ही गावं मान खाली घालून ती मानायची. आमच्या स्वतःच्या वरच्या शेताची हद्दही त्यांच्याच माणसानं चालून दाखवलेली आहे. त्या हद्दीच्या जोरावर आबा आज जमीनदार आहेत.

"छप्पनला आमच्या मान्सांनी धम्म घेतला, गावकीची कामं सोडली," मावशी म्हणाल्या. "शिवंचं ध्यान ठेवायचं सोडलं न्हाई."

जांभळीच्या बुंध्याशी त्या पाठ लावून उभ्या राहिल्या आणि ओढ्याकडे तोंड करून चालल्या. अकरा पावलं. "हितं. साह्यबाच्या म्होरंच उकरायचा. आधी उकरला तर म्हनतील, हिनंच पुरला. आजवर घराभाईर कुनाला बोललो न्हाई आमी. तू मोजनीला ये. साह्यबाला नीट इंग्रजीत सांग."

मी हो म्हणाले. आणि कुसगावला परत येऊन पत्रक लिहिलं.

मथळा होता 'आमच्या गावचं म्यूनिच'. दोन बाजू भरून. बांध कसा कोरतात, प्लॉटचा रस्ता कुठून निघतो, म्यूनिचला काय झालं, सगळं. मी कुणाचं नाव घातलं नाही, त्या बाबतीत फार जपलं. पण पत्रक मोघम नको म्हणून शेवटच्या परिच्छेदात लिहिलं: 'पुरावा जमिनीतच आहे. जांभळीपासून ओढ्याकडे अकरा पावलांवर दगडाखालचा कोळसा आजही साक्ष द्यायला तयार आहे.' संघटनेतल्या ज्येष्ठांनी वाचलं, म्हणाले, वा, हे जमलंय. टाकव्याच्या बाजारात वाटलं. कामशेतच्या स्टँडवर वाटलं. लोक घडी घालून खिशात ठेवत होते, मला वाटलं, वाचणार आहेत.

एक प्रत मी स्वतः घरी नेली. रविवारी सकाळी, आबा ओट्यावर बसलेले. त्यांच्या पुढ्यात ठेवली. का, तर त्यांना दिसावं की मी भीत नाही. सातवीपासून ते राहिलं होतं.

त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी आईला हाक मारून वाचायला लावलं. आई उभ्यानं वाचत होती. जर्मनी आला तेव्हा आबा मिशीत हसले. शेवट झाल्यावर म्हणाले, "त्ये जांभळीपसनं पुन्यांदा वाच."

आईनं वाचलं.

आबा माझ्याकडे वळले. "पुढारीनबाई, पावलं कुनाची? तुजी का तिची?"

"मावशींची," मी म्हणाले. मान ताठ करून.

"म्हंजी आखूड." त्यांनी आईला भाकरी वाढायला सांगितली. "बरं लिवतीस. आमच्यावर लिवलं म्हून काय झालं, घरातलंच पोर हाय. बस, जेवून जा."

मी जेवले नाही, तोऱ्यात स्कूटर काढून निघून गेले. घाटाकडच्या वाऱ्यात मला वाटत होतं की आज पहिल्यांदा आबा माझ्यापुढे गप्प बसले.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, मोजणीला मी रजा काढून आले. जांभळीजवळ उभी राहिले तेव्हा पायाखालची माती मऊ लागली. जांभळीपासून ओढ्यापर्यंत जेसीबीनं चर मारून पुन्हा बुजवला होता. ताज्या मातीचा लांबच लांब पट्टा. "पाण्याचा पाइप टाकायचाय," आबा लोकांना सांगत होते.

मोजणीवाले साहेब आमच्या ओट्यावर बसले होते. पंचही तिथेच. पोहे, चहा, पुन्हा चहा. मावशींना आबांनी सांगितलं होतं, "तू बांधावरच थांब, साह्यब तितंच येनार हायेत." त्या उन्हात थांबल्या, तास सव्वातास. त्यांच्याशिवाय ओट्यावर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी त्यांच्याजवळ उभी होते. सगळे आले तेव्हा त्यांच्यात एक प्रकारची मोकळीक होती. ठरवून आलेल्या माणसांना असते तशी.

साहेबांनी जुन्या नोंदी उघडल्या, माप दगडापासून धरलेलं होतं. दगड कुठे, त्यांनी विचारलं. दगड नाही. मग मावशी पुढे झाल्या, जांभळीला पाठ लावली आणि अकरा पावलं चालल्या. साठीच्या बाई, अनवाणी, सगळ्यांसमोर. "हितं उकरा साह्यब, कोळसा हाय."

दोन माणसांनी उकरलं. कमरेएवढं. लाल माती, वरची खाली आणि खालची वर झालेली.

"न्हाई घावत?" आबा म्हणाले. "कोळसा पायजे व्हय? आमच्या चुलीतनं देतो की दोन. नको तर शेगडीच घीऊन जा."

पंच हसले. खो खो नाही, माणसं पोह्याचा घास तोंडात असताना हसतात तसे. मावशी खड्ड्यात उतरल्या आणि हातानं माती उपसायला लागल्या.

"आगं वर ये," आबा म्हणाले. "आतच ऱ्हायचंय का? आता ती जागाबी आमचीच हाय."

मी ओरडले. चर बघा म्हणाले, माती ताजी आहे, परवा खणलीय, पुरावा नष्ट केलाय. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"यांची नात."

"लगतची जमीन तुमच्या नावावर आहे?"

"नाही."

"मग बाजूला व्हा. जबाब द्यायचा तर नंतर लेखी द्या." त्यांनी पंचांकडे वळून विचारलं, "इथे काही खूण होती का? वहिवाट कुणाची?"

खूण नव्हती, वहिवाट आबांची, असं सात जण एकामागून एक म्हणाले. शेवटी वडील. त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली. पेन चालत नव्हतं, तर खिशातलं दुसरं काढून केली.

मावशींना सही कर म्हणाले. त्यांनी कागद घेतला, सगळा वाचला आणि परत दिला. "मी ह्येच्यावर सही करनार न्हाई."

"नको करूस," आबा म्हणाले. "तुज्यावाचून काय अडलंय."

आठवड्यात तारेचं कुंपण आलं. पुढच्या आठवड्यात त्यावर प्लॉटचा बोर्ड. मी मावशींकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, चूक झाली, माफ करा वगैरे. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारातच म्हणाल्या,

"आमच्या मान्सांनी लाता खाल्ल्या, पर त्वांड उघडलं न्हाई, म्हून त्यो कोळसा ऱ्हायला. तुला आठ दीस गप बसवलं न्हाई?"



"भाशान मातुर ग्वाड करतीस," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

मी अभ्यासवर्गात हुकूमशहांबद्दल जे शिकवत होते ते आता मला खोटं नाही, पण सोयीचं वाटतं. आम्ही नेहमी वरच्या माणसाकडे बोट दाखवायचो. त्याची भूक, त्याचा अहंकार, त्याची फौज. फौजेच्या आधी पोहे खाणारे असतात, हे सांगायचो, पण त्यांना चेहरे द्यायचो नाही. मी आता ते चेहरे रोज बघते. गावातून दूध घेऊन कुसगावला येतात, माझ्या हॉटेलात टाकतात, "काय पुढारीनबाई, नवं पत्रक कदी?" विचारतात. शेजारचा देश गिळणाऱ्याला असेच लोक लागले असतील. चांगले, दूध घालणारे, वीतभर मातीसाठी भांडायला नको म्हणणारे. आणि माझ्यासारखेही लागले असतील, ज्यांना शूर दिसायचं होतं. नकाशे नंतर छापले जातात. पुस्तकात ते नकाशे असतात, त्यावर रेष पक्की असते, शाळेतली पोरं ती बघून गिरवतात.

वडिलांना मी विचारलं. कारखान्याच्या गेटबाहेर गाठून, कारण घरात आबा असतात.

"सही मागं घ्या."

"आबा हायेत तवर न्हाई."

"आणि आबा गेल्यावर?"

बस येते का ते त्यांनी वाकून पाहिलं. "मग प्लॉट आपलेच व्हतील की गं," म्हणाले. हे ते वाईटपणानं बोलले नाहीत. खरं तेच सांगत होते, माझ्याही वाट्याचं.

मी माझा हिस्सा घेणार नाही असं लिहून दिलंय. जेसीबी, चर, पत्रक आणि ओट्यावरचा तो प्रश्न, सगळ्याचा लेखी जबाबही दिलाय. मावशींनी मोजणीवर हरकत घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागितली आहे, तिला निमताना म्हणतात. ती होईल तेव्हा होईल. तोवर आबांना एकच घाई आहे. त्या रस्त्यावर प्लॉट विकले जायला हवेत. चार बंगले उभे राहिले, चार कुटुंबं शहरातून येऊन राहिली, की मग कुठल्याही मोजणीत रस्ता उखडायला कुणी धजणार नाही. सगळे म्हणतील, आता झालं ते झालं, एवढ्याशासाठी कशाला. मावशींकडे उरलेलं खाचर विकायचा निरोप दर पंधरा दिवसांनी येतो. निरोप्या माझा चुलतभाऊ. तो दारात उभा राहून, "काय मावशी, आजून जिवंत?" म्हणतो आणि हसतो.

आबा, वडील, बाकीचे सहा पंच, यांच्यातलं कुणी हे वाचणार नाही. वाचणार तुम्ही. पुण्यात, मुंबईत, चांगल्या घरात. आणि प्लॉट तुम्हीच घेता. पावसाळ्यात तुम्हाला गाडीत घालून आणतील, डोंगर दाखवतील, ओढा दाखवतील, सातबारा दाखवतील, चहा-पोहे देतील. तो सातबारा खरा असेल.

तुम्ही चहा खाली ठेवा. ज्या रस्त्यानं गाडी आत आली त्याच्या दोन्ही बाजूच्या शेतात चालत जा, तिथे काम करणाऱ्या माणसाला गाठा आणि विचारा, हा रस्ता कुणाच्या जमिनीतून आलाय. विकणाऱ्या माणसाला सोबत नेऊ नका. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. ते उत्तर ऐकून टोकन दिलेलं असेल तर परत मागा आणि का मागताय ते लेखी द्या, त्याची एक प्रत मोजणी कार्यालयात त्या शेताच्या मालकाच्या हरकतीला जोडा. मावळात प्लॉट घ्यायचा विचार करत असाल, तर हे याच रविवारी करा.